कोल्हापुरी आहार

कोल्हापुरी आहार : कोल्हापूर जिल्ह्यात व त्याच्या लगतच्या प्रदेशात रूढ असलेली अन्नपद्धती. ‘कोल्हापुरी’ हे विशेषण बाहेरगावच्या खाणावळींत तिखटजाळ रश्श्याचे वाचक झाले असले, तरी जिल्ह्यातील घरांत रोज शिजत आलेले अन्न त्याहून पुष्कळच साधे आहे. भाकरी, भात, कडधान्याची आमटी किंवा उसळ, एखादी पालेभाजी, शेंगदाण्याची चटणी किंवा मिरचीचा खर्डा, दही अथवा ताक आणि गुळाचा खडा हा त्याचा मूळ सांगाडा होय. तांबडा व पांढरा रस्सा, मिसळ, भडंग, पुरणपोळी, थंडाई इ. पदार्थ हे त्यावर प्रसंगाने चढलेले. ह्या आहाराची पोषणदृष्ट्या योग्यता ठरविताना हा भेद प्रथम ध्यानी घ्यावा लागतो. कारण गेल्या काही दशकांत मूळ सांगाडा क्षीण होत गेला, प्रसंगाचे पदार्थ रोजचे झाले आणि त्याच काळात अंगमेहनतही घटली. प्रस्तुत नोंदीत ह्या आहाराचे घटक, त्यांचे पोषणमूल्य व घरगुती वापरात करावयाची निवड यांचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी : जिल्ह्याच्या पश्चिमेस सह्याद्रीच्या माथ्यालगत गगनबावड्यास काही हजार मिमी. पाऊस पडतो; पूर्वेस शिरोळ तालुक्यात तो पाचशे मिमी.च्या आसपास असतो. शंभर किमी.हून कमी अंतरातील ह्या फरकामुळे जिल्ह्याचे ताट पूर्वीपासून दोन प्रकारचे आहे. शाहूवाडी, पन्हाळ्याचा पश्चिम भाग, राधानगरी, भुदरगड, आजरा व चंदगड या डोंगराळ तालुक्यांत भात, नाचणी व वरी. तर हातकणंगले, शिरोळ व कागलच्या काही भागांत ज्वारी, भुईमूग व कडधान्ये. आजऱ्याच्या ‘घनसाळ’ या सुवासिक तांदळास २०१६ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. छत्रपती शाहू महाराजांनी (१८७४–१९२२) १८९५ मध्ये वसविलेली शाहूपुरीची गुळाची बाजारपेठ, १९१७ मध्ये वसविलेले जयसिंगपूर आणि राधानगरीचे धरण यांनी जिल्ह्याच्या शेतीस बागायतीचे व व्यापाराचे वळण लावले. पुढे उपसा सिंचन योजना आणि सहकारी साखर कारखाने वाढले व नदीकाठची जमीन उसाखाली गेली. शेतकऱ्याच्या हाती पैसा आला, ही त्याची चांगली बाजू. परंतु जी ज्वारी, मूग, मटकी, हुलगा घरच्या रानात होत असे, ती विकत घ्यावी लागू लागली आणि विकतच घ्यावयाचे तर पांढरा तांदूळ व गहू सोयीचे वाटू लागले. उसाच्या सलग पिकात बांधावरची तांदुळजा, घोळ, पाथरी यांसारखी फुकटची पालेभाजीही तणनाशकांच्या फवाऱ्यात गेली. जिल्ह्यात सोयाबीनचे पीकही मोठे येते. पण ते जवळजवळ सर्व तेलगिरणीकडे जाते, घरच्या पातेल्यात येत नाही.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात रॉबर्ट मॅक्‌कॅरिसन यांनी कुन्नूर येथील प्रयोगशाळेत भारताच्या निरनिराळ्या प्रांतांतील लोकांचे आहार पांढऱ्या उंदरांना देऊन त्यांच्या वाढीची तुलना केली होती. संपूर्ण गव्हाची रोटी, दूध, डाळ व ताज्या भाज्या असलेला शिखांचा आहार त्यात सर्वश्रेष्ठ ठरला, मराठ्यांचा आहार वरच्या गटात आला, तर सडलेल्या तांदळावर आधारलेले आहार तळाशी राहिले. हा निष्कर्ष अमुक जातीच्या वा प्रांताच्या श्रेष्ठतेचा नव्हता. न सडलेले धान्य, दूध, डाळ व भाजी यांच्या एकत्र येण्याचा होता. मॅक्‌कॅरिसन यांच्या त्याच संस्थेतून पुढे हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. भाकरी सोडून पांढऱ्या भाताकडे व मैद्याच्या पावाकडे वळलेले ताट त्या क्रमवारीत खाली घसरते, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

धान्ये व कडधान्ये : राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक मार्गदर्शनानुसार बैठे काम करणाऱ्या व सु. २,००० किलोकॅलरी ऊर्जेची गरज असणाऱ्या प्रौढास दिवसाला २५० ग्रॅ. धान्य (कच्चे), ८५ ग्रॅ. डाळी, कडधान्ये, अंडी वा मांस, ४०० ग्रॅ. भाज्या, १०० ग्रॅ. फळे, ३०० मिलि. दूध वा दही, ३५ ग्रॅ. शेंगदाण्यासारखी तेलबियांची वा कवचाची फळे आणि २७ ग्रॅ. तेल-तूप पुरेसे होते. हे आकडे कोल्हापुरी ताटाच्या भाषेत असे सांगता येतील : मध्यम आकाराच्या भाकरीस ५० ते ६० ग्रॅ. पीठ लागते, तेव्हा दिवसभरात तीन भाकऱ्या व दोन मुठी तांदळाचा भात एवढ्यात धान्याचा वाटा संपतो. बहुतेक घरांत तो दुपारच्या जेवणातच संपलेला असतो आणि भाजी मात्र चारशे ग्रॅमच्या ठिकाणी लावून खाण्यापुरती असते. ताटातील हा तोल सुधारावयाचा, तर भाकरी पूर्ण सोडण्याचे कारण नाही. आमटी घट्ट करावी, उसळीची वाटी वाढवावी आणि भाताच्या दुसऱ्या वाढणीच्या जागी भाजी घ्यावी.

ज्वारीत सु. १० टक्के प्रथिने असतात, मात्र त्यांत लायसीन हे ॲमिनो अम्ल कमी असते. कडधान्यांत ते भरपूर असल्याने भाकरीबरोबर मटकीची उसळ, हुलग्याचे माडगे किंवा झुणका घेतल्यास दोन्हींची उणीव भरून निघते. पूर्वजांना ॲमिनो अम्ले ठाऊक नव्हती, पण जोडी अचूक जमली होती. नाचणीत १०० ग्रॅ.मागे सु. ३५० मिग्रॅ. कॅल्शियम असते, कोणत्याही नेहमीच्या धान्यात ते एवढे नसते. पश्चिमेच्या तालुक्यांतील नाचणीची भाकरी व आंबील गरिबीचे अन्न म्हणून मागे पडली. वास्तविक वाढत्या मुलांना, गर्भवतींना व उतारवयातील स्त्रियांना ह्या धान्याची फार आवश्यकता आहे. हुलग्यातही २० टक्क्यांहून अधिक प्रथिने व बऱ्यापैकी कॅल्शियम असते. तो बैलांचे खाद्य म्हणून ओळखला जातो, एवढ्यावरून माणसाने तो टाळू नये.

मटकी, मूग, हुलगा यांना मोड आणण्याची घरोघरची रीत पोषणदृष्ट्या मोलाची आहे. भिजवून मोड आणल्याने लोहाच्या शोषणात अडथळा आणणारे फायटेट कमी होते व कोरड्या कडधान्यात नसणारे क जीवनसत्त्व काही प्रमाणात तयार होते. उसळ फार वेळ शिजवून, वरचे पाणी ओतून टाकल्यास हा लाभ कमी होतो. पाणी टाकावयाचेच नाही. त्याचा कट करावा, अशी जिल्ह्यातील जुन्या गृहिणींची शिस्त आहे.

मांसाहार : आठवड्यातील ठराविक वारी बोकडाचे मटण हा अनेक घरांतील नेम आहे. मटण शिजविताना निघणारे पाणी, म्हणजे ‘अळणी’, वेगळे काढतात. त्यास नारळाचे दूध, काजू, तीळ व खसखस यांचे वाटण लावून पांढरा रस्सा व कांदा, सुके खोबरे, तीळ, खसखस आणि लाल तिखट यांचे वाटण लावून तांबडा रस्सा करतात. तांबड्या रश्श्याचे भय अनेकांस वाटते. पण दोहोंत पांढरा सौम्य म्हणून हलका, हा समज खरा नाही. नारळाचे दूध व काजू यांमुळे त्यात वसा (स्निग्ध द्रव्य) पुष्कळच असते, आणि वाटीमागून वाटी पिण्याची रूढी असल्याने ती नकळत पोटात जाते. मटणात सु. २० टक्के प्रथिने व सहज शोषले जाणारे लोह असते. तेव्हा ते वर्ज्य मानण्याचे कारण नाही. प्रत्येकी शंभर ग्रॅमपर्यंत, आठवड्यातून एकदा-दोनदा घेतल्यास निरोगी माणसास ते चालते. अळणी थंड झाल्यावर वर आलेला चरबीचा थर काढून मग रस्सा फोडणीस टाकला, तर चवीत फारसा फरक पडत नाही. वरच्या लाल तेलाच्या थरास ‘तर्री’ म्हणतात. तर्री जाड दिसणे हे सुगरणपणाचे लक्षण मानण्याची सवय अलीकडची व मुख्यतः खाणावळींनी लावलेली आहे. तिखटाचा रंग उत्तम मिरचीचा असावा, तेलाचा नसावा.

तालमीचा खुराक : कोल्हापूर हे कुस्तीचे माहेरघर. शाहू महाराजांनी बांधविलेले खासबाग मैदान १९१२ मध्ये पूर्ण झाले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक मिळविणारे खाशाबा जाधव हे येथील राजाराम महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. १९६० साली हिंदकेसरी झालेले गणपतराव आंदळकरही याच शहरात घडले. पहाटे उठून शेकडो जोर-बैठका काढणारा, हौद्यात तासन्‌तास लढत करणारा मल्ल दूध, तूप, बदाम-खसखशीची थंडाई, अंडी, मटण आणि भाकरी अशा खुराकावर जगतो. सामान्य माणसाच्या दुप्पट किंवा त्याहूनही अधिक ऊर्जा त्यास लागते आणि ती तो खर्चही करतो. ह्या खुराकाचा जिल्ह्याच्या मनावर फार मोठा ठसा आहे. ‘खाऊन-पिऊन असणे’ म्हणजे निरोगी असणे, पोट दिसणे म्हणजे भरभराट, ही समजूत त्यातूनच पक्की झाली. अडचण दोन ठिकाणी येते. एक, लांग उतरवल्यानंतर मल्लाचा व्यायाम सुटतो, खुराक सुटत नाही. पाच-सात वर्षांत वजन, रक्तदाब व मधुमेह ही तिन्ही मागे लागतात. कुस्ती सोडणाऱ्याने प्रथम तूप व थंडाई, मग भाकऱ्यांची संख्या क्रमाक्रमाने उतरवावी आणि चालणे, पोहणे असा एखादा व्यायाम चालू ठेवावा. दुसरी अडचण ज्याने कधी लांग चढवलीच नाही, अशाची. दुकानाच्या गल्ल्यावर बसून घेतलेला तालमीचा खुराक केवळ चरबी वाढवितो. प्रथिनांची गरजही अनेकदा फुगवून सांगितली जाते. सामान्य प्रौढास वजनाच्या दर किग्रॅ.मागे सु. ०.८३ ग्रॅ. प्रथिने पुरतात, साठ किग्रॅ. वजनाच्या व्यक्तीस पन्नास ग्रॅ., आणि ती घरच्या डाळ, उसळ, दूध व शेंगदाण्यातून सहज मिळतात. जाहिरातीच्या डब्यातील प्रथिनभुकटीची अशा व्यक्तीस गरज नाही.

दूध : जिल्ह्याचे दूध मुख्यतः म्हशीचे. १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने (‘गोकुळ’) गावोगावच्या गोठ्यातील दूध बाजारात नेले व शेतकरी कुटुंबातील स्त्रियांच्या हाती रोकड आली. त्याची एक अनिष्ट बाजूही आहे : काही घरांत सर्व दूध डेअरीस जाते आणि घरच्या मुलाच्या वाट्यास चहापुरते उरते. दूध घालण्यापूर्वी मुलांसाठी व गर्भवतीसाठी प्रत्येकी एक पेलाभर बाजूस काढणे, हा दुभत्या घरातील पहिला खर्च समजावा. म्हशीच्या दुधात सु. ६.५ टक्के वसा असते, गाईच्या दुधात ४ ते ४.५ टक्के. वाढत्या मुलास म्हशीचे दूध उत्तम. चाळिशीनंतर, विशेषतः वजन अधिक असल्यास, साय काढून घ्यावी व ताकाचा वापर वाढवावा.

शहरातील गंगावेस भागात म्हशी आणून गिऱ्हाइकासमोर धार काढून देण्याची जुनी प्रथा आहे व असे धारोष्ण दूध कच्चेच पिण्यात भूषण मानले जाते. दुधाच्या भेसळरहितपणाची खात्री, एवढा तिचा गुण मान्य करूनही कच्चे दूध पिणे धोक्याचे आहे, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. जनावराच्या अंगी असलेला क्षय व ब्रूसेलोसिस हे रोग न तापविलेल्या दुधातून माणसास होतात आणि निरोगी दिसणाऱ्या म्हशीतही त्यांचे जंतू असू शकतात. दुधास एक उकळी आणल्याने ते मरतात. प्रथिने व कॅल्शियम कायम राहतात.

गूळ : कोल्हापुरी गुळास २०१४ साली भौगोलिक निर्देशांक मिळाला. गुऱ्हाळावर उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळून, भेंडीच्या रसाने मळी वर आणून ती काढतात आणि गुळव्याच्या अंदाजाने पाक उतरवून ढेपी पाडतात. गिऱ्हाईक पिवळाधमक गूळ मागते म्हणून काही ठिकाणी रंग उजळण्यासाठी गंधकयुक्त रसायने वापरली जातात. तेव्हा खाण्यासाठी किंचित काळपट, तपकिरी गूळ निवडणे शहाणपणाचे. बाजारात त्याला भाव कमी मिळतो, हा उलटा न्याय आहे.

गुळाविषयी जिल्ह्यात सर्वांत अधिक नुकसान करणारा समज म्हणजे मधुमेह्यास साखर वर्ज्य पण गूळ चालतो, हा होय. गुळाचा फार मोठा भाग साखरच (सुक्रोज) असतो आणि रक्तातील शर्करा तो साखरेप्रमाणेच वाढवितो. त्यात खनिजे असतात हे खरे. पण दहा ग्रॅ.च्या खड्यातून मिळणारे लोह अर्ध्या मिग्रॅ.च्या आसपास असते, तर प्रौढ स्त्रीची रोजची शिफारस २९ मिग्रॅ. आहे. रक्तवाढीसाठी गुळावर विसंबणे म्हणजे थेंबाने घागर भरणे. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात दहा कोटींहून अधिक लोकांस मधुमेह आहे. ऊस व गूळ पिकविणाऱ्या जिल्ह्याने तरी ह्या बाबतीत भ्रमात राहू नये. साखर व गूळ मिळून माणशी दिवसाला २५ ग्रॅ. ही मर्यादा आहे. दोन चमचे साखरेचा चहा चार वेळा घेणारा ती चहातच ओलांडतो. सणाच्या पुरणपोळीचा दोष काढण्यापूर्वी रोजच्या चहाकडे पाहावे. निरोगी व अंगमेहनत करणाऱ्या माणसाने दुपारी शेंगदाणे व गुळाचा खडा खाणे, हे बिस्किटांपेक्षा केव्हाही सरस.

तेल, मीठ व तिखट : शेंगदाणा हा ह्या आहाराचा कणा आहे. त्यात सु. २५ टक्के प्रथिने व ४० टक्के वसा असते. कूट, चटणी व भाजीतील दाणे यांतून तेलाचा बराच अंश आधीच पोटात गेलेला असतो; त्यावर फोडणीचे तेल सढळपणे ओतण्याची गरज नाही. बुरशी आलेले, काळपट, सुरकुतलेले दाणे निवडून फेकून द्यावेत, कारण बुरशीतून निर्माण होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृतास घातक असून भाजण्याने वा उकळण्याने ते पुरते नष्ट होत नाही. दमट हवेत साठविलेल्या मिरचीसही हीच काळजी लागू.

आपण किती तेल खातो हे ताटाकडे पाहून कळत नाही. किराण्याच्या यादीवरून कळते. वर दिलेल्या प्रमाणानुसार चार प्रौढांच्या कुटुंबास महिन्याला तेल व तूप मिळून साडेतीन लिटरच्या आत पुरावयास हवे; मीठ माणशी दिवसाला ५ ग्रॅ., म्हणजे महिन्याला सहाशे ग्रॅ.; आणि साखर-गूळ तीन किग्रॅ. मिठाच्या ह्या सहाशे ग्रॅ.तच लोणचे, पापड, फरसाण व विकतच्या पदार्थांतील मीठही धरावयाचे असते. महिन्याला ह्याहून अधिक डबे रिकामे होत असतील, तर कोणत्याही वैद्यकीय चाचणीपूर्वीच उत्तर हाती आले असे समजावे. मोठ्या बुधल्यातून ओतण्याऐवजी लहान पळीने मोजून तेल घालण्याची सवय एवढ्याने खप बराच उतरतो.

उन्हाळ्यात मिरची वाळवून, कांदा, लसूण, खोबरे व मसाले घालून वर्षाची ‘चटणी’, म्हणजे कांदा-लसूण मसाला, कांडून ठेवतात. घरच्या चटणीत रंगाची व भुशाची भेसळ नसते, हा तिचा मोठा लाभ. मात्र ती टिकावी म्हणून तीत मीठ भरपूर घातलेले असते. ही चटणी घातलेल्या आमटीत पुन्हा ठरल्या मापाने मीठ घातले की प्रमाण दुप्पट होते. रक्तदाब असलेल्या माणसाच्या घरी चटणी कांडतानाच मीठ कमी करावे व ती कोरड्या बरणीत, थोड्या प्रमाणात करून ठेवावी. तिखटाने जठरव्रण होतो हा समज आता मागे पडला आहे. त्याची प्रमुख कारणे हेलिकोबॅक्टर हा जंतू व वेदनाशामक गोळ्या ही आहेत. तथापि व्रण किंवा आम्लपित्त असलेल्यास तिखटाने त्रास वाढतो, तेव्हा त्याने ते बेताने घ्यावे.

बाहेरचे पदार्थ : मिसळ ही मुळात वाईट नाही. मोडाची मटकी, कांदा, कोथिंबीर व लिंबू हे तिचे अर्धे अंग पौष्टिकच आहे. फरसाण, तर्री व मैद्याचा पाव हे दुसरे अर्धे. उसळ अधिक व फरसाण कमी मागावे, तर्री न ढवळता खालचा कट घ्यावा, लिंबू पिळावे, पाव दोन तुकड्यांवर थांबवावा आणि मिसळ हीच त्या वेळची न्याहारी समजून नंतरचे जेवण हलके ठेवावे. कटाची पुनःपुन्हा मोफत भर हे येथील आतिथ्य आहे, परंतु नाकारता येते. भडंगाचे चिरमुरे वजनाने हलके म्हणून अन्नही हलके, असे नव्हे. त्यातील तेल व मीठ बोटांना लागते तेवढे तरी ओळखावे. भाजलेले चिरमुरे व फुटाणे सोबत ठेवल्यास प्रवासातील भूक भागते.

नवरात्रात, एकादशीस व श्रावणात उपवास करणाऱ्यांची संख्या मोठी आहे. साबुदाणा जवळजवळ शुद्ध पिष्ट असून त्यात प्रथिने नगण्य असतात. तूप-दाण्यात परतलेल्या खिचडीची दोन ताटे खाणाऱ्याचा उपवास नेहमीच्या जेवणाहून जड होतो. वरीचे तांदूळ, राजगिरा, ताक, फळे व थोडे दाणे ही निवड अधिक चांगली. मधुमेहाची औषधे घेणाऱ्याने मात्र वैद्याच्या सल्ल्याविना निरंकार उपवास करू नये. औषध चालू व पोट रिकामे असता रक्तशर्करा धोकादायकपणे उतरते.

पाणी हाही आहाराचाच भाग. पंचगंगेच्या खोऱ्यात २००५, २०१९ व २०२१ साली मोठे पूर आले. पूर ओसरल्यानंतर पाणी उकळून पिणे, पुराचे पाणी लागलेले धान्य व पिठे टाकून देणे आणि पालेभाज्या काही दिवस कच्च्या न खाणे, एवढी पथ्ये पाळल्यास हगवण व कावीळ पुष्कळशी टळते.

घरातील वाटप : आहारात काय आहे याइतकेच ते कोणाच्या ताटात पडते यास महत्त्व आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९–२१) महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांत व सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या ६८.९ टक्के मुलांत रक्तक्षय (पांडुरोग) आढळला. चार वर्षांपूर्वीच्या पाहणीत स्त्रियांचे हेच प्रमाण ४८ टक्के होते. सुबत्तेच्या जिल्ह्यांतही हा रोग आढळतो व त्याचे एक कारण पंक्तीच्या क्रमात आहे. अनेक घरांत आधी पुरुष, मग मुले आणि शेवटी स्वयंपाक करणारी जेवते. मटणाचे तुकडे व घट्ट उसळ पहिल्या पंक्तीत संपते. तिच्या वाट्यास रस्सा, भात व शिळी भाकरी राहते. ज्या लोहाची तिला पुरुषाहून अधिक गरज आहे (पुरुषास १९ मिग्रॅ.), ते नेमके तिच्यापर्यंत पोहोचत नाही. सर्वांनी एकत्र जेवणे किंवा वाढण्यापूर्वीच प्रत्येकाचा वाटा बाजूस काढणे, हा ह्यावरील उपाय विनाखर्चाचा आहे, आणि बहुधा म्हणूनच तो कोणी सुचवीत नाही. गर्भवतीने कमी जेवल्यास बाळंतपण सोपे जाते, हा जुना समज बाळाचे वजन घटवितो. तिने नेहमीपेक्षा एक जेवण अधिक घ्यावे. बाळंतिणीस अळीव, डिंक व मेथीचे लाडू देण्याची रीत चांगली आहे, पण त्यांच्या नावाखाली भाज्या व डाळी बंद करणे चुकीचे.

मुलास सहा महिने पूर्ण होईपर्यंत केवळ आईचे दूध द्यावे. त्यानंतर नाचणीची खीर, मऊ वरणभात, कुस्करलेली उसळ व अंडे यांनी सुरुवात करावी. डाळीचे वरचे पाणी पाजून पोषण होते ही कल्पना सोडून द्यावी, कारण पोषण तळच्या डाळीत असते.

शाकाहारी अन्नातील लोह शरीरात कमी शोषले जाते. जेवणात लिंबू, आवळा, पेरू वा कच्ची कोथिंबीर असल्यास क जीवनसत्त्वामुळे शोषण वाढते. जेवणानंतर लगेच घेतलेल्या चहामुळे ते घटते. तेव्हा चहा व जेवण यांत किमान एक तासाचे अंतर ठेवावे. भाजी लोखंडी कढईत करावी. आरोग्य केंद्रातून मिळणारी लोहाची गोळी दूध वा चहाबरोबर न घेता पाण्याबरोबर किंवा लिंबाच्या सरबताबरोबर घ्यावी. कॅल्शियमची गोळी चालू असल्यास दोहोंत दोन तासांचे अंतर असावे. लोहाच्या गोळीने शौचास काळी होते, त्याने घाबरून गोळी सोडू नये; मळमळ होत असल्यास ती रात्री जेवणानंतर घ्यावी.